ज्यांनी बाण रंगवले, त्यांनीच ते पुसावेत

सह्याद्रीत शनिवार-रविवारी ट्रेक नेणारी मंडळं, क्लब आणि व्हॉट्सॲपवर जमणारे ग्रुप यांस,

स.न.वि.वि.

मागणी आधी सांगतो, कारणं नंतर. डोंगरातल्या दगडांवर, झाडांच्या खोडांवर आणि काही ठिकाणी तर थेट किल्ल्याच्या भिंतीवर तुम्ही ऑइलपेंटने जे बाण काढून ठेवलेत, ते, झाडांवरचे सोडून, येत्या पावसाळ्याआधी पुसा. नवे काढू नका. वाट चुकू नये म्हणून काढलेल्या या बाणांमुळेच लोक वाट चुकायला लागलेत. तेही कुठल्या अवघड घाटवाटेवर नाही, तर सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी परतता येईल अशा डोंगरांवर.

मी नेरळचा. पेबचा किल्ला, म्हणजे विकटगड, आमच्या डोक्यावरच उभा आहे. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळच्या कर्जत लोकलमधून पोरापोरींचे घोळके उतरतात, स्टेशनबाहेर वडापाव बांधून घेतात आणि आमच्या दारावरून डोंगराकडे निघतात. ट्रेक तसा छोटाच. विजेच्या मनोऱ्यांच्या कडेकडेने चढायचं, ओढा ओलांडून रानात शिरायचं, वर गुहा बघायच्या, आणि उरक असेल तर पलीकडच्या शिड्यांवरून माथेरानच्या छोट्या गाडीच्या रुळांवर जायचं. १९०७ साली सुरू झालेली ती गाडी कधी चालू असते, कधी बंद, पण रूळ जागेवर असतात. एकदा रूळ लागला की चुकायची सोय नाही. एका टोकाला माथेरान, दुसऱ्या टोकाला नेरळ. लोक चुकतात ते त्याच्या अलीकडे.

ओढ्यातल्या एका दगडाबद्दल सांगतो. चार माणसांनी जोर लावला तरी हलणार नाही एवढा तो मोठा आहे. त्याच्यावर पांढरा बाण, खाली कुठल्याशा ग्रुपच्या नावाची दोन अक्षरं, बाकीची शेवाळाने खाल्लेली. बाण काढला तेव्हा तो डावीकडच्या चढाकडे रोखलेला असणार, कारण वाट तिथेच आहे. मग एका पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला आणि दगड पाव भाग फिरला. माणसांना हलत नाही, पाण्याला हलतो. आता तोच बाण सरळ ओढ्याच्या पात्रात वर दाखवतो. त्याच्या भरवशावर वर जाणारा माणूस धोंड्यांवर उड्या मारत खुशीत चढत राहतो, कारण ओढ्यात झाडी आडवी येत नाही. पुढे सुका धबधबा लागतो. त्याचा पहिला टप्पा चढता येतो. उतरता येत नाही.

हे नीट समजून घ्या, कारण सह्याद्रीत वाट चुकण्याची गंमत, किंवा भीती, इथेच आहे. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचत गेले आणि पुढे ऊन-पावसाने ते झिजून त्यांच्या पायऱ्या झाल्या. कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा. मधल्या सपाटीला आपण पदर म्हणतो. या कड्यांमधून वर जायला जागा मोजक्याच असतात. कुठे एखादी सोंड, म्हणजे खाली उतरत आलेली डोंगराची धार, कुठे खिंड, कुठे नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ. ती जागा सापडली तर सगळं सोपं. पन्नास पावलं इकडेतिकडे झाली तर समोर भिंत, नाहीतर पायाखाली पोकळी. वरून बघणाऱ्याला तर गवताचा उतार दिसतो आणि त्याच्याखाली गावातली कौलं दिसतात. दोन्हींच्या मध्ये दोनशे फुटांचा कडा आहे, तो दिसत नाही. म्हणून ‘गाव दिसतंय ना, मग सरळ खाली उतरू’ हा विचार सपाट जंगलात चालून जाईल, इथे नाही.

आता या पदरावरून गुरं चरायला जातात. गुरं कडा चढत नाहीत, ती पदराच्या कडेने आडवी फिरतात, रोज फिरतात, त्यामुळे त्यांची वाट चांगली रुंद आणि मळलेली असते. किल्ल्यावर जाणारी खरी वाट आठवड्यातून दोनदा वापरली जाते आणि कारवीत कुठेतरी डावीकडे बारीकशी वर घुसते. नवखा माणूस साहजिकच मळलेली वाट धरतो. अर्ध्या तासाने त्याच्या लक्षात येतं की आपण चढतच नाही आहोत, डोंगराला वळसा घालतोय. ताजं शेण दिसत असेल, वाट चढत नसेल, आणि सारखी फुटून पुन्हा जुळत असेल, तर ती ढोरवाट. हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तुमच्या बाणांना ठाऊक नाही. कारण बाण काढणारा त्या दिवशी पुढे असतो, घाईत असतो, मागून चाळीस जण येत असतात, आणि तो स्वतः चुकून ढोरवाटेला लागला तर तिथेही दोन बाण काढून मोकळा होतो. चूक कळल्यावर तो माघारी येतो आणि बरोबर वाटेवर नवे बाण काढतो. जुने पुसायला डबा-ब्रश घेऊन कोणी परत जात नाही.

भीमाशंकरचंच बघा. कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला पोचलं की पुढे पुलापाशी दोन वाटा फुटतात. गणेश घाट लांबचा, पण श्रावणात बायाबापड्या आणि म्हातारेकोतारेही देवाचं नाव घेत चढतात असा. शिडी घाट जवळचा, पण लोखंडी शिड्यांचा आणि पावसात बुळबुळीत होणाऱ्या कातळाचा. दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या पठारावर एकत्र येतात आणि तिथून पुढे दाट रानातून देवळाकडे चढ आहे. चढताना कसलाही गोंधळ नाही. माणूस ज्या वाटेने निघाला, त्या वाटेने पठारावर येतो. गोंधळ उतरताना. पठारावर एकाच पिवळ्या रंगाचे दोन बाण दोन दिशांना. दोन्ही खरे. एक शिडीवाल्या ग्रुपचा, एक गणेश घाटवाल्यांचा.

मागच्या श्रावणात मला तिथे ठाण्याकडचं एक कुटुंब भेटलं. नवरा-बायको, त्यांचा दहावीतला मुलगा आणि आजी. गणेश घाटाने चढले होते, दर्शन झालं होतं, प्रसादाची पिशवी हातात. उतरताना बाण बघून ते शिडी घाटाला लागले आणि पहिल्या शिडीच्या तोंडाशी येऊन थांबले. धुकं इतकं की शिडीचा खालचा डांब दिसत नव्हता. आजींच्या पायात रबरी सपाता. मुलगा ‘मी आधी उतरून बघतो’ म्हणत होता आणि बाप त्याचा दंड धरून उभा होता. मी विचारलं, इकडे कसे आलात? आजी म्हणाल्या, ‘अहो, बाण होता ना तिथे!’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं. बाण खोटं बोलेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. आम्ही त्यांना मागे पठारावर नेलं. पदरवाडीतला एक माणूस, गुरं बांधून नुकताच टेकलेला, बॅटरी घेऊन उठला आणि त्यांना गणेश घाटाने खाली सोडून आला. पैसे घेईना. बळेच दिले तेव्हा म्हणाला, रंगवाल्यांना सांगा जरा.

तेव्हा हे पत्र त्याच्याही वतीने आहे असं समजा.

उतरण्याचा मुद्दा ट्रेकला जाणाऱ्यांपेक्षा नेणाऱ्यांनी जास्त लक्षात घ्यायला हवा. चढताना सगळ्या वाटा एकमेकींच्या जवळ येतात, कारण माथा एकच असतो. थोडंफार चुकलं तरी माणूस वर कुठेतरी पोचतोच. उतरताना त्याच वाटा फाकत जातात. माथ्याजवळ दहा पावलांचं अंतर, आणि पायथ्याला माणूस दुसऱ्याच खोऱ्यात, कधी दुसऱ्याच तालुक्यात. तरी तुमचे नव्वद टक्के बाण चढणाऱ्याच्या तोंडासमोर असतात, दगडाच्या खालच्या अंगाला. उतरणाऱ्याला दगडाची कोरी पाठ दिसते. ज्याला खरी गरज असते, आणि ज्याचे पाय थकलेले, पाणी संपलेलं आणि मोबाइल चार टक्क्यांवर आलेला असतो, त्याच्यासाठी तुम्ही काहीच काढलेलं नसतं.

धुक्यात तर विचारायलाच नको. ‘चकवा लागला’ म्हणून आमच्याकडे सांगतात, माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण चकव्यावर आहे. जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या संशोधकांनी २००९ साली हे तपासून पाहिलं होतं. लोकांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ चालले, आणि ढगाळ दिवशी जंगलात गोल गोल फिरले. त्यांना स्वतःला मात्र आपण सरळच चाललोय असं वाटत होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्य दिसतोच कधी?

आता तुमचं म्हणणं. ‘बाण नसते तर आणखी लोक चुकले असते.’ काही ठिकाणी हे खरं आहे, मी नाकारत नाही. चांगली खूण जीव वाचवते. नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी कातळात पायऱ्या खोदल्या, टाकी खोदली, आणि चढणाऱ्याला आजही त्या पायऱ्या दिसल्या की हायसं वाटतं. पण ती खूण काढणाऱ्यांना तिथून रोज जायचं होतं. तुमची खूण एका रविवारपुरती असते, रंग मात्र पुढची अनेक वर्षं राहतो. प्रश्न खुणेचा नाही, मागे उभं कोण राहणार याचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे पासष्ट हजार किलोमीटर पायवाटांवर खुणा आहेत, पण तिथे रंगाला ठरलेला अर्थ आहे. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे हात लावून चढायची तयारी ठेवा. कोणती पाटी कोणी सांभाळायची हे ठरलेलं असतं. आपल्याकडे पांढरा म्हणजे एक ग्रुप, पिवळा म्हणजे दुसरा, भगवा म्हणजे किल्ल्यावर कुणाचा तरी कार्यक्रम होता. मला आपला डोंगर स्वित्झर्लंडसारखा पाट्यांनी भरायचा नाही. अर्धवट भरलेला मात्र अजिबातच नको.

आणि किल्ल्याच्या दगडांवर रंग फासणं हा गुन्हा आहे, हेही एकदा बोलून टाकू. लोहगडासारख्या केंद्राच्या संरक्षित स्मारकाची खराबी केली तर प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते किंवा एक लाखापर्यंत दंड. लोहगडाला २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांनी स्टेटस ठेवले होते, छान वाटलं. भीमाशंकरचं रान अभयारण्य आहे, तिथल्या झाडांना खिळे आणि रंग दोन्ही चालत नाहीत. शेकरूला आपला बाण वाचता येत नाही, तिला त्या झाडावर घरटं करायचं असतं.

मोबाइलमधल्या ट्रॅकचंही हेच. तुमच्यातला एखादा जानेवारीत कोरड्या दिवसांत चालतो, रेकॉर्डिंग चालू ठेवतो, मध्ये चुकून ओढ्यात जाऊन परत येतो, आणि तो सगळा गुंता तसाच अपलोड करतो. ऑगस्टमध्ये कोणीतरी ती रेघ इमानदारीने पाळतो आणि त्याच ओढ्यात उतरतो, आता कमरेएवढ्या पाण्यात. चुकलेला तुकडा कापून मग टाका ना. तारीख आणि ऋतू लिहा. आणि जी वाट आता राहिलेली नाही तिचा ट्रॅक काढून टाका. इर्शाळगडाला जायचं तर वाट इर्शाळवाडीतून जायची. लोक तिथे पाणी प्यायचे, वाट विचारायचे, कोणीतरी सोबतही यायचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि वाडी गाडली गेली. वाचलेल्यांचं पुनर्वसन खाली झालं. त्या डोंगरात आज वाट विचारायला घर नाही, आणि जुने ट्रॅक अजूनही त्या वाडीच्या अंगणातून जातात.

पायथ्याच्या माणसाला विचारणं हा आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि भरवशाचा नकाशा आहे. बाणांनी तो मोडला. पूर्वी ठाकूरवाडीत शिरल्याशिवाय कोणी वर जात नसे. कुठली वाट पडली, कुठे मधमाश्यांचं मोहोळ आहे, कालच्या पावसात ओढा कसा आहे, हे कळायचं आणि गावातल्या एखाद्याला दिवसाची मजुरी सुटायची. आता ग्रुप वाडीला वळसा घालून बाणांमागे जातो आणि संध्याकाळी अंधारात हाका ऐकू आल्या की त्याच वाडीतला माणूस झोपेतून उठतो. नोंदणी फी तुम्ही हजार-बाराशे घेता. त्यातले पाचशे-सातशे एका वाटाड्याला द्यायला चाळीस जणांच्या ग्रुपला जड जात असतील तर हिशेब कुठेतरी चुकतोय. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आणि सुरक्षिततेबद्दल त्यात बरंच आहे. ते वाचून घ्या, माझ्या पत्रापेक्षा उपयोगाचं आहे.

बाण पुसल्यावर काय करायचं, तर तुम्हाला येतं तेच. फाट्यावर माणूस उभा करायचा. पुढचा लीडर फाट्याशी थांबेल, शेवटचा माणूस डोळ्याला दिसल्याशिवाय पुढे सरकणार नाही, एवढा एकच नियम पाळलात तरी निम्मी चुकामूक संपेल. फाट्यावर खूण ठेवायचीच असेल तर चुकीच्या वाटेवर एक वाळकी फांदी आडवी टाका आणि परतताना काढा. पायथ्याला पाटी हवी असेल तर ग्रामपंचायत आणि वन विभागाला धरून एक धड पाटी लावा, जिच्यावर वाटेचं नाव असेल आणि माघारी फिरायची वेळ असेल. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो आणि रानात त्याच्या अर्धा तास आधी. ‘दोन तासांचाच ट्रेक आहे’ म्हणून बॅटरी न घेता येणाऱ्याला एसटी स्टँडवरूनच परत पाठवायची हिंमत दाखवा. तुम्ही लीडर आहात, फक्त फोटो काढणारे नाही.

आणि लोकांना हेही सांगा, की चुकलं असं वाटलं तर खाली उतरत सुटायचं नाही. जिथपर्यंत वाट नक्की बरोबर होती तिथपर्यंत माघारी यायचं. ते जमत नसेल तर बसून राहायचं, रेंज असेल तिथून ११२ हा मदतीचा नंबर लावायचा, शिट्टी वाजवायची. नाल्यात शिरायचं नाही. खोपोलीचे यशवंती हायकर्स असोत की लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, ही मंडळी कामधंदा सोडून रात्री दोर घेऊन निघतात. थांबलेला माणूस लवकर सापडतो, हलत राहिलेला नाही. काहींना रात्र बसून काढायची लाज वाटते, घरचे काय म्हणतील. घरच्यांना रात्रीचा फोन चालतो, हो.

तुमच्यातल्या काहींना हे पत्र झोंबेल. ‘आम्ही गड-किल्ल्यांसाठी एवढं करतो आणि हा नेरळचा कोण आला शिकवणारा.’ खरंच करता. टाकी साफ करता, प्लास्टिकच्या बाटल्या पोत्यांत भरून खाली आणता, मी पाहिलंय. म्हणून तर तुम्हाला लिहितोय. रील काढायला येणाऱ्यांना लिहून उपयोग नाही, ते पत्र वाचत नाहीत आणि रंगही आणत नाहीत.

होळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही काही जण पेबच्या ओढ्यापासून सुरुवात करतोय. वनरक्षकांना आधी कळवलेलं असेल. सकाळी सातला नेरळ स्टेशनबाहेर जमू. तारेचे ब्रश माझ्याकडे आहेत, थिनर आणि जुनी फडकी आपापली आणा, थिनर सांडायचा नाही आणि फडकी खाली परत न्यायची. झाडांच्या सालीला हात लावायचा नाही, ते रंग आपोआप जातील. त्या फिरलेल्या दगडावर ज्यांच्या नावाची दोन अक्षरं उरलीत, त्यांनी जरूर यावं. नाव सांगायची गरज नाही, फक्त तो दगड तुमच्यासाठी राखून ठेवला आहे.

आपला,
नेरळचा एक डोंगरवेडा